सिस्टरजींची माती

मी कॉलेजात रसायनशास्त्र शिकवते, आणि कुजणं म्हणजे नेमकं काय, हे मला एका निवृत्त नर्सने शिकवलं. आज हे लिहिताना लाज वाटत नाही. तेव्हा मात्र वाटली होती, आणि चांगलीच वाटली होती.

सांगलीहून इंदूरला नोकरीसाठी आले तेव्हा लालबागच्या मागच्या एका गल्लीत वरच्या मजल्यावर दोन खोल्या मिळाल्या. खाली घरमालकीण एकट्या राहायच्या. नाव लीला गायकवाड, पण हे नाव फक्त विजेच्या बिलावर. गल्लीत लहान-थोर सगळे त्यांना सिस्टरजी म्हणत. महूच्या एका इस्पितळात त्यांची सगळी नोकरी झाली होती. वडील फौजेत सुभेदार, त्यामुळे जन्मही महूचाच. उंची बेताची, गुडघे कुरकुरणारे, पण आवाज असा की वॉर्डाच्या दुसऱ्या टोकाचा पेशंटही उठून बसावा. बाहेरच्या खोलीत बुद्धाची मूर्ती, शेजारी वडिलांचा वर्दीतला फोटो आणि दोन्हींच्या मधोमध रोज बदललेलं एक ताजं फूल. ते फूल घरच्याच अंगणातलं असायचं. विकतचं फूल त्या घरात मी कधी पाहिलं नाही.

पहिल्याच दिवशी त्यांनी मला घराचे नियम सांगितले. पाणी सकाळी सहाला येतं, गेट लावून घ्यायचं, गच्चीवर पापड वाळत असतील तर पाय सांभाळायचा. आणि चौथा नियम: "गीला कचरा गाडीत नाही द्यायचा. मला द्यायचा."

मी बावचळले. ज्या शहरात रोज सकाळी कचऱ्याची गाडी गाणं वाजवत दाराशी येते, जिथे लोक वेगवेगळे डबे हातात घेऊन तिची वाट बघत उभे राहतात, तिथे ही बाई कचरा घरात का ठेवते?

"सूखा देते ना मी गाडीला," सिस्टरजी म्हणाल्या. "प्लास्टिक-व्लास्टिक सगळं. पण गीला माझा आहे. चांगली चीज कोणी गाडीला देतं का, यार?"

ही चांगली चीज म्हणजे माझ्या दोडक्याच्या साली, चहाचा चोथा आणि केळ्याची सालपटं.

मागच्या अंगणात, भिंतीला लागून, सुट्या विटांचे दोन चौकोनी कप्पे होते. विटा नुसत्या एकावर एक रचलेल्या, मध्ये सिमेंट नाही, उलट हवा खेळावी म्हणून मुद्दाम फटी ठेवलेल्या. एक कप्पा भरत असायचा, दुसरा मुरत असायचा. बाजूला वाळक्या पानांची पोती. रस्ते झाडणाऱ्या बाईंशी त्यांची दोस्ती होती. कडुनिंबाची, जंगली बदामाची पानं त्या बाई पोत्यात भरून ठेवत आणि गेटवरून आवाज देत, "सिस्टरजी, आपका माल आ गया!" कोपऱ्यावरचा चहावाला उकळलेली पत्ती एका डब्यात साठवायचा. रसवाल्याकडून उसाची चिपाडं यायची. या सगळ्या प्रकाराला लागणारी सामग्री म्हणजे दुसऱ्याने टाकून दिलेल्या वस्तू आणि सिस्टरजींचे दोन हात, बस.

"बघ बेटा, क्या है की, याला दोनच चीज लागतात," त्यांनी मला समजावलं. "हवा आणि सूखा पाला. तू गीला एक डब्बा टाकला, तर सूखा दोन डब्बे टाक. आठवड्यातून एकदा खालचं वर कर. मुठीत घेऊन दाब, बोटांतून पाण्याचा एखादा थेंब आला तर बराबर. धार लागली तर जास्त गीला, काहीच नाही आलं तर प्यासा आहे. एवढंच आहे. यात कोई रॉकेट नाही आहे."

नवा थर सुरू करताना जुन्या खतातली ओंजळभर माती सिस्टरजी वर पसरत, दह्याला विरजण लावावं तशी. वर थोडं आंबट ताक शिंपडत. मग एक लोखंडी सळई ढिगाच्या पोटात खोल खुपसून दहा मिनिटं तशीच ठेवत. काढली की स्वतःच्या मनगटाच्या आतल्या बाजूला टेकवून बघत. डोळे मिटलेले, चेहरा गंभीर.

"बुखार आहे," असं म्हणाल्या की समजायचं, सगळं ठीक आहे. "माणसाला बुखार आला तर वाईट. याला नाही आला तर वाईट."

पहिल्या पावसाळ्यात मला जबरदस्त ताप आला. नव्या गावात, एकटी, अंथरुणावरून उठायची सोय नाही. चार दिवस सिस्टरजी कुरकुरत्या गुडघ्यांनी जिना चढून मुगाची खिचडी घेऊन येत होत्या. कपाळाला मनगट लावायच्या, मान हलवायच्या आणि खाली जायच्या. पाचव्या दिवशी तशाच आल्या, मनगट लावलं आणि समाधानाने म्हणाल्या, "तुझा उतरला, त्याचा चढला. दोन्ही बराबर आहे." रोज त्या ढिगाकडून माझ्याकडे यायच्या की माझ्याकडून ढिगाकडे जायच्या, ते विचारायचं धाडस मी केलं नाही. पण परक्या गावात आपल्या कपाळावर कुणीतरी मनगट ठेवतं आहे, याचं सुख मी त्या चार दिवसांत पुरेपूर घेतलं. आजही त्यासाठी त्यांची ऋणी आहे.

बरी झाल्यावर मी इंटरनेटवर वाचून त्यांना मोठ्या उत्साहाने सांगायला गेले की कंपोस्टची एक पद्धतच जगभर इंदूरच्या नावाने ओळखली जाते. एका गोऱ्या साहेबाने फार पूर्वी इथे राहून ती बसवली. सिस्टरजी पानं कुस्करत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, "नाव साहेबाचं झालं असेल. शेण आपल्याच बैलांचं होतं."

हे सगळं त्या का करतात, ते मला बऱ्याच उशिरा कळलं. एकदा अंगणातल्या लिंबाला आळं करताना मी सहज म्हणाले, "किती छान काळी माती आहे तुमची! नशीबवान आहात."

सिस्टरजी ताठ उभ्या राहिल्या. "नशीब नाही, बेटा. ही केलेली आहे."

मग त्यांनी सांगितलं. लहानपण फौजी क्वार्टरात गेलं. पेरूचं झाड लावायचं, आणि पेरू लागायच्या आत वडिलांची बदली. पुढे नोकरीत सुरुवातीला स्वतःलाही क्वार्टरच. "आमच्या घराण्यात जमीन कोणाच्या नावावर नव्हती. आजा, पणजा, कोणाच्याच नाही. दुसऱ्याच्या जमिनीवर राबले सगळे. ह्यांनी हा प्लॉट घेतला, तो पहिला." हे म्हणजे त्यांचे यजमान, पोलोग्राउंडच्या एका कारखान्यात फिटर होते. प्लॉट खोलगट होता, म्हणून कारखान्यांचा मलबा आणून तो भरला. विटांचे तुकडे, राख, लोखंडाचा कीस. "पहिली जमीन, आणि निघाली मलब्याची! कुदळ मारली की खणखण वाजायची. गुलाब लावला, मेला. तुळस लावली, मेली. मी ह्यांना म्हटलं, जाऊ द्या, माती मी करते."

तीस वर्षं त्या माती करत होत्या. गल्लीतल्या घराघरांतल्या साली, देठं, पाला वाहून आणत होत्या, कुजवत होत्या आणि थरावर थर पसरत होत्या. लिंबू, जास्वंद, कढीपत्ता, वांगी, सगळं त्या मातीवर उभं होतं. यजमान जाऊन दहा वर्षं झाली होती.

आता त्या अंगणावर संकट होतं, आणि ते घरातूनच आलं होतं. त्यांचा मुलगा नितीन बंगलोरला नोकरीला होता. मुलगा गुणी. रोज फोन करायचा, आणि रोजच्या फोनमध्ये एकच विषय काढायचा: फरशी. मी यायच्या आदल्या वर्षी सिस्टरजी अंगणात ओल्या पानांवरून घसरल्या होत्या आणि हात प्लॅस्टरमध्ये गेला होता. तेव्हापासून नितीनचं म्हणणं, सगळं अंगण खरबरीत फरशीने झाकून टाकू. मायलेकांत शेवटी एक तह झाला होता, आणि तो नितीनने मलाही फोनवर ऐकवला होता. "ताई, मी मम्मीला क्लिअर बोललो आहे. अजून एकदा पडली, किंवा मोहल्ल्यातून एक जरी शिकायत आली, की फरशी. मग ती काही नाही बोलणार." सिस्टरजींनी ते कबूल केलं होतं. दिलेला शब्द त्या मोडणाऱ्यातल्या नव्हत्या.

आणि मग मी माझी अक्कल चालवली.

सिस्टरजी दोन दिवसांसाठी महूला बहिणीकडे गेल्या होत्या. रविवारी मी कॉलेजातल्या मंडळींना जेवायला बोलावलं. इंदूरात राहून जेवण द्यायचं म्हणजे दाल-बाफले, आणि बाफले म्हणजे कणकेचे भाजलेले गोळे, तेही तुपात बुडवलेलेच. माझा अंदाज चुकला. अर्धं पातेलं डाळ, डझनभर बाफले, वाटीभर चुरमा उरला. फ्रिज छोटा. सांगलीच्या संस्कारांत अन्न कचऱ्यात टाकणं पाप. मला वाटलं, गाडीत देण्यापेक्षा मातीला दिलेलं बरं. सिस्टरजींनी तेलातुपाचं शिजवलेलं अन्न ढिगात घालायचं नाही, असं मला दहादा सांगितलं होतं. पण मी पडले रसायनशास्त्राची प्राध्यापिका! शेवटी सगळा कार्बनच, असं म्हणून मी ते सगळं ढिगावर ओतलं. वर पाला घालायचा आळस केला. माश्या बसतील म्हणून एक जाड प्लास्टिक आणलं आणि चारही बाजूंनी विटा ठेवून ढीग घट्ट झाकून टाकला. वरून स्वतःवर खूशही झाले.

मे महिना होता. तिसऱ्या दिवशी सकाळी जो वास सुटला, त्याचं वर्णन मी करणार नाही. शेजारच्या बंगलीत दुबेजी राहायचे, बँकेतून निवृत्त झालेले. ते नाकाला उपरणं लावून गेटवर आले. सिस्टरजी नुकत्याच महूहून परतल्या होत्या, हातात अजून पिशवी होती.

"सिस्टरजी, ये क्या हो रिया है? पोहे गले से नहीं उतर रहे! पीछे चूहे दौड़ रहे हैं!"

मी जिन्यात उभी होते. सिस्टरजींनी एकदा माझ्याकडे पाहिलं. माझा चेहरा पाहून त्यांना सगळं कळलं असणार. पुढे होऊन "माझी चूक आहे" म्हणायला मला दोन पायऱ्या उतरायच्या होत्या. मी उतरले नाही.

"माफ करना भिया," सिस्टरजी म्हणाल्या. "बुढ़ापे में हाथ चूक गया. तीन दिन दे दो."

दुबेजींनी तीन दिवस दिले, पण त्याच दिवशी नितीनला फोनही केला. तेही त्यांचं चुकलं असं नाही म्हणता येणार. नाक त्यांचं होतं.

सिस्टरजींनी साडीचा पदर खोचला आणि प्लास्टिक उचललं. आत पांढऱ्या अळ्या वळवळत होत्या. "तोंड दाबून मारलं बिचाऱ्याला," एवढंच त्या पुटपुटल्या. मला रागावल्या नाहीत. रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. फावडं माझ्या हातात दिलं आणि म्हणाल्या, "चल केमिस्ट्री, सगळं बाहेर काढ."

आम्ही दोघींनी सगळा ढीग उपसला. तुपाचे गोळे वेचून दूर खड्ड्यात पुरले. उरलेल्यात तीन पोती पाला, चिपाडं आणि जुनं खत मिसळलं. मग रोज सकाळी वरखाली करायचं काम माझं. मला दोनदा ओकारी आली. सिस्टरजी शेजारी खुर्ची टाकून लसूण सोलत बसल्या होत्या. दुसऱ्या दिवशी वास अर्ध्यावर आला. चौथ्या दिवशी त्यांनी मूठभर माल माझ्या नाकाशी धरला. पावसाळ्यातल्या रानाचा वास येत होता. सडणं आणि कुजणं यातला फरक मी वर्गात फळ्यावर कितीदा लिहिला असेन. तो कळला मात्र त्या सकाळी, आणि नाकाने कळला.

ढीग बरा झाला. पण तह मोडला होता.

मी त्याच दिवशी नितीनला फोन केला. म्हटलं, चूक माझी होती, तुमच्या आईंनी ती अंगावर घेतली, फरशी घालू नका. तो शांतपणे म्हणाला, "ताई, आज तुमचा हात चुकला. उद्या तिचा पाय चुकेल. मी इतक्या दूर आहे. काय करू?" फोन ठेवला. मी सिस्टरजींपुढे जाऊन रडले. त्या म्हणाल्या, "पागल आहे का? गुडघे माझे आहेत, मला माहीत आहेत. आज नाही तर पुढच्या साली, हे होणारच होतं." पण त्या संध्याकाळी त्या बराच वेळ अंगणात, लिंबाखाली, नुसत्या बसून होत्या. हातात काही काम नसलेल्या सिस्टरजी मी तेव्हा पहिल्यांदा पाहिल्या.

दिवाळीच्या सुट्टीत नितीन आला. गेटपाशी फरशांची चळत लागली, मिस्त्री ठरला. सिस्टरजी एकच बोलल्या. "फरशी लाव. पण माझ्या मातीवर नाही लावायची. आधी ती काढ. आणि मिस्त्री नाही, तू काढ."

नितीन हसला. त्याला वाटलं तासाभराचं काम. सकाळी फावडं घेऊन उतरला, तो दुपारपर्यंत गुडघ्याइतका आत गेला होता. माती संपत नव्हती. काळी, भुसभुशीत, गांडुळांनी भरलेली. तो थांबून थांबून हातात घेऊन बघायचा. दुपारी केव्हातरी फावडं खणकन वाजलं. खाली विटांचे तुकडे, राख, गंजलेला कीस दिसू लागला. खड्ड्याच्या कडेला वरची काळी माती आणि खालचा करडा मलबा यांच्यामधली रेघ स्पष्ट दिसत होती. नितीन तिच्याकडे बघत उभा राहिला.

सिस्टरजी काठावर आल्या. काठीने रेघ दाखवून म्हणाल्या, "याच्या खाली तुझ्या पप्पांचा प्लॉट. याच्या वरचा माझा."

नितीनने फावडं ठेवलं आणि मलब्यावरच बसला. नंतर म्हणाला, "मम्मी, राहू दे. मी भरतो परत."

मला वाटलं, जिंकलो. पण सिस्टरजींनी मान हलवली. "नाही. शब्द दिला होता. आणि मी पडले तर तुला नोकरी सोडून यावं लागेल, ते मला नाही पाहिजे. माती तर तू बाहेर काढलीच आहे. आता ती वाटू." मग गेट उघडून त्यांनी गल्लीत हाक दिली. ती तिसऱ्या चौकापर्यंत ऐकू गेली असणार.

लोक बादल्या, टोपल्या, तेलाचे डबे, फुटके माठ घेऊन आले. दुबेजी एक निळा ड्रम गडगडवत आले आणि खाली मान घालून रांगेत उभे राहिले. माती फुकट होती, पण अट होती. सिस्टरजी गेटवर स्टुलावर बसून प्रत्येकाकडून ती वदवून घेत होत्या. "नुसती नेऊन ठेवायची नाही. हिला रोज खायला द्यायचं. घरचा गीला, वरून सूखा. भूखी ठेवली तर मी येऊन वापस नेईन. बोलो, मंजूर?" दुबेजींनाही म्हणावं लागलं, "मंजूर, सिस्टरजी." लिंबाभोवती हातभर आळं सोडून संध्याकाळपर्यंत अंगण मलब्यापर्यंत रिकामं झालं. तिसऱ्या दिवशी तिथे फरशी बसली. चांगली बसली, पाय घसरत नव्हता.

मला वाटलं होतं, आता सिस्टरजी खचतील. एक आठवडा त्या शांत होत्या. मग एके सकाळी काठी घेऊन बाहेर पडल्या आणि अट कोण पाळतं ते बघायला दारोदार फिरू लागल्या. कुणाची माती कोरडी, कुणाच्या माठात पाणी साचलेलं, कुणी अंड्याची टरफलं न चुरताच टाकलेली. गल्लीभर त्यांचा आवाज ऐकू यायचा. त्यांच्या एका अंगणाची पंचवीस-तीस घरं झाली होती. माझ्या चुकीने त्यांचं जे गेलं, ते त्यांनी असं परत मिळवलं. माझी मात्र त्याबद्दल माफी मागायची राहूनच गेली होती.

पुढच्या वर्षी पुण्यात नोकरी मिळाली. निघायच्या सकाळी सामान टॅक्सीत चढलं, पण सिस्टरजी घरात नव्हत्या. त्या दुबेजींच्या आवारात सापडल्या. बाही कोपरापर्यंत वर, हात निळ्या ड्रमात खोल गेलेला. दुबेजी त्यांची काठी धरून शिस्तीत शेजारी उभे होते.

मी वाकून नमस्कार केला. "वाकू नको, हात खराब आहेत माझे, आशीर्वाद कसा देऊ?" त्या म्हणाल्या.

"सिस्टरजी, तेव्हा मी जिन्यातून खाली उतरायला हवं होतं. माझ्यामुळे तुमचं अंगण..."

"पुण्याला घराला अंगण आहे?" त्यांनी मध्येच विचारलं.

"नाही. छोटी बाल्कनी आहे फक्त."

"मग एक बादली पुरते," सिस्टरजी म्हणाल्या, आणि परत ड्रमात वाकल्या.